पिठाचा कोंबडा आणि मगरीच्या नक्षीची चप्पल

चातुर्मासात सकाळी चौदा नियम धारण करण्याची प्रथा अनेक श्वेतांबर घरांत आजही टिकून आहे. सचित्त, द्रव्य, विगई यांची मर्यादा ठरते आणि त्यांच्या पाठोपाठ येते ‘वाणह’, म्हणजे पादत्राणे. आज दिवसभरात किती जोड पायांत घालायचे, ती संख्या मनाशी धरावयाची. बहुतेक श्रावक-श्राविका या नियमापाशी क्षणभरही थांबत नाहीत. एक घरातला, एक बाहेरचा, की पुढचा नियम. वाशीमच्या बाजारपेठेत कापडाचा व्यापार असलेल्या एका घरातील सून मात्र गेल्या चातुर्मासात नेमकी येथेच अडखळली. दिवसाला दोन जोड म्हणणे तिला जड नव्हते. पण ते म्हणताना कपाटात मांडून ठेवलेले २७ जोड तिच्या डोळ्यांसमोर आले.

तिला दागिन्यांचा सोस नाही, साड्याही ती बेताच्याच घेते. पादत्राणांवर मात्र तिचा जीव आहे. टाचेचा उंचवटा, पट्ट्याची वीण, टोकाचा बाक हे ती एखाद्या सराफाने हिरा पारखावा तसे पाहते. घरची मंडळी याला छंद म्हणतात, दीर थट्टेने ‘गोडाऊन’ म्हणतो. पायांत घालावयाच्या वस्तूवर एवढे प्रेम कशाला, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण ज्या परंपरेने रोजच्या नियमांत वाणह मोजून ठेवले, तिला हे प्रेम ठाऊक असले पाहिजे. ज्याचा मोह कोणालाच होत नाही, त्याची गणती कोण करील? स्थानकवासी प्रतिक्रमणातही सातव्या व्रताच्या २६ बोलांत ‘उवाणहविहि’ आहेच.

या अडखळण्यातून तिचे वाचन सुरू झाले. निमित्त आणखी एक होते. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन भरविले आणि त्यात कोल्हापुरी चपलेसारखीच चप्पल मंचावर आली. वर्णनात ‘चामड्याची सँडल’ एवढेच होते. कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. महाराष्ट्रात मोठी नाराजी उसळली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले आणि ही रचना भारतीय हस्तकलेवरून स्फुरली असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार, अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. डिसेंबरात प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. सुमारे २,००० जोड येथील कारागिरांकडून करून घ्यावयाचे आणि जगभर जोडी सुमारे ८०० युरोंना विकावयाची, असे जाहीर झाले.

व्यापारी घरात अशी बातमी केवळ बातमी राहत नाही. जून महिन्यातच दिराने जेवताना विषय काढला. लग्नसराईत नवरा-नवरीचे कपडे आपल्याकडून जातात, मग पायांतले का नाही? दुकानात एक लहान काउंटर, त्यात मोजड्या, सँडल आणि कोल्हापुरी. ही लाट आणखी दोन-तीन हंगाम तरी राहील, असा त्याचा हिशेब होता आणि हिशेबात चूक नव्हती.

दादीजींनी एकच वाक्य उच्चारले. “बेटा, चामड्याचा गल्ला या घरात आजवर मोजला गेला नाही.”

दादीजींच्या या शब्दामागे शास्त्राचा आधार आहे. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या कथेत श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यातील ‘दंतवाणिज्य’ हे नाव हस्तिदंतापुरते दिसते. पण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडताना दात, केस, नखे, हाडे यांच्याबरोबर त्वचाही घेतली आहे. दिराने वाद घातला नाही. ‘मग बिनचामड्याचे ठेवू,’ एवढे बोलून तो उठला. प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले. खरे तर तो तेथून सुरू झाला.

दरम्यान सुनेच्या हाती प्राचीन पादत्राणांविषयीचे काही लेख आणि ग्रंथ आले आणि ती थक्क झाली. दशवैकालिकाच्या तिसऱ्या अध्ययनात साधूने टाळावयाच्या गोष्टींत पादत्राण आहे, हे ती व्याख्यानांत ऐकत आली होती. विहार करणाऱ्या साध्वीजींचे भेगाळलेले तळवे तिने पाहिले होते. पण बृहत्कल्पसूत्राच्या भाष्यात जोड्यांचे इतके बारकाईने वर्गीकरण असेल, याची तिला कल्पना नव्हती. बोटांचे रक्षण करणारा तो कोशक. घोट्यापर्यंत येणारी खपुसा. अर्धी पिंढरी झाकणारी अर्धजंघा, पूर्ण झाकणारी जंघा. शिवाय खल्लक, वागुरा, एकपदरी आणि अनेकपदरी तळ. आजच्या एखाद्या दुकानातील फळीही याहून समृद्ध नसेल! ज्यांनी स्वतः अनवाणी चालावयाचे, त्या मुनींच्या ग्रंथाने हे सारे नोंदवून ठेवले. रोग, काटे, रानातील रात्रीची वाट अशा संकटप्रसंगी अपवाद कोणता आणि किती, हे ठरविण्यासाठी आधी वस्तू नीट ओळखावी लागते, हेच त्याचे कारण.

बौद्धांच्या महावग्गात तर पादत्राणांवर एक स्वतंत्र खंधक आहे. चंपा नगरीतील एका श्रेष्ठीचा पुत्र सोण कोळिविस भिक्षू झाला. तो इतका सुकुमार की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. बुद्धांनी त्याला एकपदरी जोड्याची अनुमती दिली. सोणाने उत्तर दिले की, सर्व संघाला मिळेल तरच मी घेईन. म्हणून ती सर्वांना मिळाली. पुढे काय झाले, ते वाचताना तिला हसू आवरेना. काही भिक्षू निळे, पिवळे, लाल जोडे घालू लागले. कोणी मेंढ्याच्या शिंगासारखी टोके लावली, कोणी विंचवाच्या नांगीसारखी, कोणी मोरपिसे शिवून घेतली. मग एकेका प्रकाराला मनाई करावी लागली. फॅशन ही काही मिलानमध्ये जन्मली नाही, आणि तिच्या मागोमाग धावणारी नियमावलीही नवी नाही.

या वाचनाचा पहिला परिणाम कपाटावर झाला. एका रविवारी तिने सर्व जोड खाली काढले आणि प्रत्येक उलटा करून पाहिला. परदेशी बनावटीच्या आणि निर्यातीच्या जोड्यांवर बहुधा लहान चिन्हे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणलेल्या जाळीचे चिन्ह म्हणजे कापड, साधा चौकट-आकार म्हणजे अन्य कृत्रिम द्रव्य. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांसाठी ही चिन्हे वेगवेगळी असतात. आपल्याकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक श्रावकाने पाहावीत. तिच्या राजस्थानी मोजड्यांवर वर रेशमी भरतकाम होते आणि तळाला चामडे. वर्षानुवर्षे ती देरासराच्या पायरीपर्यंत तीच घालून जात होती. दुसरा धक्का निराळाच होता. लग्नात घेतलेला, फार प्रिय म्हणून डब्यात जपून ठेवलेला जोड तिने हातात घेतला, तर त्याचा तळ भाकरीच्या कुसकऱ्यासारखा गळून पडला. पॉलियुरेथेनचे तळ हवेतील दमटपणाने आतून विरघळत जातात, आणि न वापरता ठेवले तरीही मोडतात. जितके जपावे तितके लवकर जावे, असा तो प्रकार.

तळाला चामडे असलेले चार जोड तिने बाजूला केले. काउंटरचे काम मात्र पुढे चालले होते. दिराने मुंबईहून नमुने मागविले आणि त्यात एक सँडल होती. गर्द हिरवी, नाजूक टाचेची, मगरीच्या कातड्यासारखी खवल्याखवल्यांची नक्षी असलेली. सारे कृत्रिम, वर, अस्तर, तळ, तिन्ही ठिकाणी चौकटीचे चिन्ह. तिने पायांत घातली आणि काढावीशी वाटेना. कर्मादान नाही, चामडे नाही, जीव गेलेला नाही. मग मनात काय सलत होते?

ते उमगले कारंज्याला गेल्यावर. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे भट्टारकांच्या गाद्यांचे आणि हस्तलिखितांच्या भांडारांचे गाव. तेथील पोथ्यांवरून विसाव्या शतकात अपभ्रंश काव्ये प्रथमच छापून जगापुढे आली. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकविणारे डॉ. हीरालाल जैन यांचा त्यात मोठा वाटा होता. १९३१ मध्ये कारंजा ग्रंथमालेत पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केले. पुढे भारतीय ज्ञानपीठाने ते हिंदी अनुवादासह काढले. एका नात्यातल्या घरी तो अनुवाद तिच्या हाती पडला आणि परतीच्या आधीच तिने अर्धा वाचून काढला.

यशोधर राजाची ती कथा जैन घरांना अपरिचित नाही. राजाला दुःस्वप्न पडते. राजमाता देवीपुढे बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला नकार देतो. आईचे मनही मोडवत नाही. मग तोड निघते ती पिठाच्या कोंबड्याची. पीठ मळून कोंबडा घडवितात आणि तो देवीपुढे कापतात. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही माता आणि पुत्र मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा जन्मांच्या फेऱ्यात सापडतात. कारण सुरी चालविताना मनात कोंबडाच होता.

वाशीमला परतल्यावर तिने ती हिरवी सँडल दादीजींपुढे ठेवली आणि कथेचा धागा सांगितला. दादीजींनी चष्मा लावून खवल्यांवरून बोट फिरविले.

“मग तुझ्या मनात मगर आहे का?” त्यांनी विचारले.

“मगर मारावी असं नाही, दादीजी. पण ती मगरीसारखी दिसते म्हणूनच आवडली.”

या उत्तरात प्रामाणिकपणा आहे आणि अडचणही आहे. यशोधराचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्य करावयास हवे. त्याचा संकल्प बळीचा होता. रेक्झिनची चप्पल विकत घेणाऱ्या स्त्रीचा तसा संकल्प नसतो. पण हिंसेचे गणित करणे आणि करविणे यांपाशी थांबत नाही, अनुमोदनाही त्यात येते. कातडे सुंदर, कातडे श्रीमंतीचे लक्षण, ही रुची जिवंत ठेवण्यात नकली कातड्याचाही वाटा असतो. खऱ्याची ओढ नसती, तर नकली घडविले कशाला असते? स्टेला मॅककार्टनी या ब्रिटिश वेशरचनाकार स्त्रीने २००१ पासून आपल्या नावाखाली चामडे वापरलेले नाही आणि तिचा व्यवसाय थांबला नाही. अननसाच्या पानांच्या धाग्यांपासूनही आता जोडे बनतात, तेही स्वतःच्या पोताचे. कॅनव्हास आहे, ताग आहे, सुती विणकाम आहे. चामड्याची नक्कल न करताही पाय सुंदर दिसू शकतो.

आणखी एक गोष्ट या घरात उघडपणे बोलली गेली. चामड्याचा व्यापार न करणे हा श्रावकाचा नियम झाला. चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराला कमी लेखणे हा नियम कोठेही नाही. बाभळीच्या सालीने कातडे कमाविणारे, खिळ्याऐवजी वादीने शिवणारे ते हात आहेत, आणि त्यांच्या कौशल्याला जगात मान मिळाला याचा आनंद जैन दुकानदारालाही व्हावयास हवा. दादीजींनी पूर्वी चामड्याला नाही म्हटले होते, पण दुकानाबाहेर बसणाऱ्या चर्मकार बंधूंना उन्हाळ्यात पहिले पाणी त्यांच्याच घरून जात असे. सुनेने त्यांनाच विचारले, की जाड कॅनव्हासच्या पट्ट्या आणि दोरीची वेणी घेऊन कोल्हापुरीच्या घाटाचा जोड शिवता येईल का. त्यांनी पट्टी वाकवून पाहिली, तळ रबराचा घ्यावा लागेल असे सांगितले आणि मजुरीही रोखठोक सांगितली. पहिला जोड अंगठ्यापाशी सैल झाला. दुसरा बरा उतरला. तो पाहून दिराने सहा मापांत प्रत्येकी चार जोड शिवावयास दिले. लग्नसराईत किती खपतात, ते कळायचे आहे.

काउंटरच्या यादीतून हिरव्या सँडलचे नाव सुनेनेच खोडले. नमुन्याचा जोड मात्र तिने परत पाठविला नाही. तो डब्यातच आहे आणि डब्यावर पावतीही तशीच आहे. बदलून घेण्याची मुदत केव्हाच संपली. पौष दशमीला घरची मंडळी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास गेली. तेथील मूर्ती भूमीला टेकलेली नाही, अशी श्रद्धा आहे. पायऱ्यांपाशी सर्वांनी जोडे काढले. सुनेच्या पायांत दोरीच्या वेणीचा तो सैल अंगठ्याचा पहिला जोड होता आणि त्या दिवशी वाणहाच्या नियमात तिने एकच संख्या धरली होती.