समालोचकाच्या तोंडाला कुलूप

2023च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर क्रिकेटपटू केदार जाधव मराठी समालोचन करत होता. हंगाम रंगात असतानाच बेंगळुरूच्या संघातला डेव्हिड विली जखमी झाला आणि त्या संघाने केदारला माइकवरून उचलून थेट आपल्या ताफ्यात घेतले. केदारचे यात काही चुकले नाही. पण ज्या संघाचे वाभाडे काढायचे, त्याच्याच दारातून उद्या बोलावणे येणार असेल, तर जीभ कितपत मोकळी राहील?

माजी खेळाडू समालोचनाला लायक आहेत का, यावर पारावर हवा तितका वाद घालावा. बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते आणि त्यांच्या आकाशवाणीवरच्या मराठीवर पिढ्या वाढल्या. दुसरीकडे मूळचे नाशिकचे वि. वि. करमरकर; नाव कमावले ते खेळाडू म्हणून नव्हे, क्रीडापत्रकार म्हणून, आणि कबड्डी-खो-खोला वर्तमानपत्रात मानाचे पान मिळाले ते त्यांच्यामुळे. दोघांकडेही अभ्यास होता आणि स्वतःचे मतही. आज दोन्हींची गरज उरलेली नाही, आणि घाबरावे असे काही असेल तर ते हेच.

2019च्या कोलकात्यातील गुलाबी चेंडूच्या कसोटीत, चेंडू नीट दिसतो का हे फलंदाजांना विचारायला हवे, असे समालोचक हर्षा भोगले म्हणाले. विचारण्याची गरज तुम्हाला, आम्ही खेळलो आहोत, असे सोबतचे समालोचक, माजी कसोटीपटू संजय मांजरेकरांनी सुनावले. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला, ते ठीक. पण खेळलेल्यांचा तरी मान कुठे राहिला? मार्च 2020 मध्ये मांजरेकरांनाच भारतीय क्रिकेट मंडळाने समालोचकांच्या यादीतून काढले. काही महिन्यांतच, तुमच्या नियमांप्रमाणे काम करेन, अशी विनंती त्यांना लेखी करावी लागली. भोगलेंना तर 2016च्या आयपीएलआधी कारणही न सांगता घरी बसवले होते. न खेळलेला गेला, कसोटीपटूही गेला. हे पाहिल्यावर माइकवरचे बाकीचे काय शिकले असतील?

घोटी-इगतपुरीत बसून आम्ही ही मुंबईची भांडणे का उगाळतो, असे कुणी विचारील. भात कापून खाचरे मोकळी झाली की इथली पोरे तिथेच क्रिकेट मांडतात, कबड्डीची रेघ ओढतात. गावोगावी प्रशिक्षक नाहीत, शहरातल्या अकादमीची फी परवडत नाही. त्यांचा मास्तर म्हणजे मोबाइलमधला आवाज. क्षेत्ररक्षक दोन पावले आत का आला, चढाईपटू कोपऱ्यात कसा कोंडला गेला, हे माजी खेळाडूइतके नेमके कोण सांगणार? ते सांगायचे सोडून तो “काय फटका!” म्हणून ओरडतो, ड्रेसिंग रूममधले किस्से सांगतो. कर्णधार चुकला, हे तर ओठावर येतच नाही. मराठी ऐकावी तर निम्मी हिंदीतून उचललेली.

म्हणूनच समालोचक निवडण्यात वा काढण्यात क्रिकेट मंडळाचा हात असता कामा नये. ते काम वाहिनीचे, आणि काढले तर कारण जाहीर व्हावे. कुठल्या संघाकडून, कुठल्या खेळाडूच्या कंपनीकडून समालोचकाला पैसे मिळतात, ते सामना सुरू होताना पडद्यावर दिसले पाहिजे. इतिहासकार रामचंद्र गुहांनी 2017 मध्ये क्रिकेट मंडळावर नेमलेली प्रशासक समिती सोडताना याच हितसंबंधांवर बोट ठेवले होते. तेव्हा चार दिवस चर्चा झाली आणि पुन्हा टॉस उडाला.