गट कोण पाडतो, गुण कोण देतो?

'संगणकाला जात नसते' हे वाक्य हल्ली महाविद्यालयांत फार ऐकू येते. गृहपाठ, प्रकल्प, चाचण्या, अंतर्गत गुण असे सगळे मूडलसारख्या ऑनलाईन प्रणालीवर गेले, मग आता भेदभाव करणार कोण, असा सवाल वर आपल्यालाच केला जातो. आमचा प्रतिसवाल असा, की त्या प्रणालीत विद्यार्थ्यांचे गट पाडतो कोण आणि गुण भरतो कोण? ती माणसेच आहेत, आणि ती याच समाजातून आलेली आहेत.

हा प्रश्न किरकोळ समजू नका. अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा मोठा झाल्यापासून लेखी परीक्षेत पास झालेला आपला मुलगा प्रकल्पाच्या गुणांत अडकतो, एटीकेटी लागते, शिष्यवृत्ती रखडते आणि तो गावी परत जातो. वस्तीत काम करताना अशी मुले आम्हाला दर वर्षी भेटतात.

आधी गटांकडे पाहू. मूडलमध्ये गट आपोआप पाडण्याची सोय आहे. सदस्य कसे वाटायचे याचे पर्याय शिक्षकासमोर येतात: यादृच्छिक म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, नावाच्या अक्षरक्रमाने, आडनावाच्या अक्षरक्रमाने किंवा ओळख क्रमांकाने. दिसायला सगळे सारखेच. पण जिथे हजेरी क्रमांक प्रवेशाच्या यादीवरून पडतात, आधी खुला प्रवर्ग आणि शेवटी राखीव, तिथे क्रमांकाने गट पाडले की प्रवेशाची यादीच गटांमध्ये उतरते. शेवटचे दोन गट 'कोट्याचे' म्हणून ओळखले जातात. कोणी जातीचे नावही घेतलेले नसते. राखीव प्रवर्गाचा शिक्का मारून विद्यार्थ्याला वेगळे पाडू नये, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांत सांगितलेले आहे. तो शिक्का इथे एका क्लिकने बसतो.

'तुमचे गट तुम्हीच निवडा' हा पर्याय लोकशाहीचा वाटतो. पण वसतिगृहाच्या खोल्या आणि डब्याच्या पंगती ज्या रेषेवर पडतात, गटही त्याच रेषेवर पडतात. म्हणून आम्ही यादृच्छिक गटांच्या बाजूने आहोत. यावर चळवळीतलेच मित्र विचारतात, की चार जणांत एकट्या पडलेल्या आपल्या मुलीचे काय? आपल्या माणसांत बसण्याने धीर येतो, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी कारण न सांगता गट बदलून मागण्याचा हक्क द्या. पण धीर मिळावा म्हणून वेगळी पंगत कायमची करू नका.

गटाच्या आत काय होते, तेही पाहा. श्रमांच्या विभागणीच्या नावाखाली श्रमिकांचीच विभागणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्चाटन' लिहून दाखवून दिले. गटप्रकल्पात ज्याच्याकडे लॅपटॉप तो गटप्रमुख. तोच फाईल चढवतो, तोच सादरीकरण करतो. आपली मुलगी सर्वेक्षणासाठी दारोदार फिरते, झेरॉक्स काढते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेट होते. त्यानंतर मोबाईल वाढले, पण मोबाईलवर चाळीस पानांचा प्रकल्प लिहून होत नाही. गुण देताना 'संपूर्ण गटाला लागू करा' हा पर्याय चालू ठेवला की सगळ्यांना एकच गुण मिळतात, आणि कोणी काय केले हा प्रश्नच पुसला जातो. हाच पर्याय बंद करून प्रत्येकाला स्वतंत्र गुण देता येतात. मुदतही एखाद्या गटाला किंवा विद्यार्थ्याला वेगळी वाढवून देता येते.

आता गुणांकडे येऊ. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अभ्यासकांचा भारतातला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात यांची माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून लावली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे हा फरक मुख्यतः 'खालच्या' म्हटल्या गेलेल्या जातींतल्याच तपासनीसांकडून आला. म्हणजे दुष्ट मास्तर शोधून प्रश्न सुटत नाही. श्रेणीबद्ध विषमता सगळ्यांच्याच डोळ्यांत मुरलेली आहे, आपल्याही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीपुढेही २००७ मध्ये प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतल्या पक्षपाताच्या तक्रारी आल्या होत्या. जिथे परीक्षकाला चेहरा आणि आडनाव कळते, तिथेच ही तक्रार जास्त का येते, याचा विचार करा.

मूडलमध्ये यावर उपाय आहे. 'अॅनॉनिमस सबमिशन्स' हा पर्याय चालू केला की तपासणाऱ्याला नावाऐवजी फक्त सहभागी क्रमांक दिसतो. तपासणी संपल्यावर नावे उघड करता येतात. तो पहिले काम जमा होण्याआधीच चालू करायचा, आणि फाईलच्या आत नाव लिहायचे नाही, एवढीच अट. मूडल २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर म्हणून उपलब्ध आहे, त्यामुळे 'खर्च परवडत नाही' ही सबबही चालत नाही.

काही प्राध्यापक म्हणतात, नाव झाकले तर अडचणीतल्या मुलाला मदत कशी करणार? मदत शिकवताना करा, मुदत वाढवून करा. तपासताना मात्र समोरचे उत्तर तेवढे पाहा. दुसरे म्हणतात, यामुळे गुणवत्ता घसरेल. ज्यांना आडनाव वाचल्याशिवाय गुणवत्ता कळत नाही, त्यांनी आम्हाला गुणवत्ता शिकवू नये.

तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच, गुण लागून गेल्यावर नव्हे, प्राचार्य, समान संधी केंद्र आणि अनुसूचित जाती-जमाती कक्षाला निवेदन द्या. मागण्या चारच ठेवा. गट यादृच्छिक पाडावेत आणि ते बदलून मागण्याचा हक्क असावा. वैयक्तिक काम नाव झाकून तपासावे. गटप्रकल्पात प्रत्येकाच्या कामाची नोंद ठेवून स्वतंत्र गुण द्यावेत. गुण कशाबद्दल किती, याचा तक्ता आधी जाहीर करावा आणि नंतर गुण बदलले तर त्याचा इतिहास विद्यार्थ्याला दाखवावा. ती नोंद प्रणालीत असतेच.

निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका. आणि आपल्यातले जे प्राध्यापक आहेत, त्यांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता हे पर्याय आपल्या वर्गात आजच चालू करावेत.

जय भीम!