दगड फुटला, पडाव गेले, बंदर उरले

सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात वालुकाश्माचा एक तुकडा आहे. त्यावर झिजलेली अक्षरे आहेत आणि ती आजवर कुणालाही वाचता आलेली नाहीत. हा तुकडा मूळ ज्या शिळेचा, ती सिंगापूर नदीच्या मुखाशी उभी होती. 1819 मध्ये रान साफ करणाऱ्या मजुरांच्या ती नजरेस पडली. सुमारे तीन मीटर उंच आणि तेवढ्याच रुंद दगडावर पन्नासेक ओळी कोरलेल्या होत्या. 1843 मध्ये इंग्रजांनी नदीमुखाची वाट रुंद करायला आणि किल्ल्याला जागा करायला ती सुरुंग लावून फोडली. वाचले ते मोजके तुकडे.

बंदरावर जगणाऱ्या देशाची गोष्ट याच दगडापासून सांगायला हवी. कारण बंदर जसे आणते, तसे ते पुसूनही टाकते.

सिंगापूर 9 ऑगस्ट 1965 रोजी मलेशियातून वेगळे होऊन स्वतंत्र देश झाले. 2025 मध्ये, साठाव्या वर्षी, याच राष्ट्रीय संग्रहालयाने ‘वन्स अपॉन अ टाइड’ हे प्रदर्शन भरवले. वसाहतीचे जागतिक शहर कसे झाले, हा त्याचा विषय. शेती नाही, खनिजे नाहीत, प्यायचे पाणीसुद्धा बरेचसे शेजाऱ्याकडून. अशा देशाने आपली ओळख समुद्रात शोधावी हे रास्तच आहे. मात्र समुद्राचा इतिहास मांडताना भरभराटीचा चढता आलेख दाखवून थांबता येणार नाही. प्रत्येक भरतीने काय वाहून नेले, तेही त्याच दालनात दिसले पाहिजे.

देखणे कसे मांडावे, हे सिंगापूरला शिकवावे लागत नाही. नदीकाठच्या आशियाई संस्कृती संग्रहालयात नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजाचा माल मांडलेला आहे. 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ ते सापडले. आत सुमारे 60,000 चिनी भांडी होती, बहुतेक चांग्शाच्या भट्ट्यांतली. एका वाडग्यावरच्या चिनी तिथीचे इसवी सन 826 निघते. जहाज मात्र चिनी नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. ही अरबी समुद्राची रीत. त्याच रीतीने ओमानमध्ये ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे जहाज बांधण्यात आले. फेब्रुवारी 2010 मध्ये ते मस्कतहून निघाले आणि कोचीमार्गे जुलैत सिंगापूरला पोहोचले. गोव्यात बांधलेले आणि काथ्याने शिवलेले भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’ त्याच कुळातले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घेतला आहे.

या ठेव्याला दुसरी बाजूही आहे. जहाजातला माल एका व्यापारी कंपनीने बाहेर काढला आणि 2005 मध्ये सिंगापूरने तो तीन कोटींहून अधिक अमेरिकी डॉलर मोजून मिळवला. पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप उत्खननाच्या या पद्धतीला होता. त्यामुळे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने ठरलेले प्रदर्शन 2011 मध्ये थांबवले. हा वाद काचेच्या पेटीशेजारी ठळकपणे मांडला, तर पेटीतल्या वाडग्याचे तेज कमी होणार नाही. उलट समुद्रतळाच्या वारशावर हक्क कुणाचा, हा प्रश्न प्रेक्षक घरी घेऊन जाईल.

पुढे सिंगापूरने स्वतःच्या पाण्यात रीतसर उत्खनन केले. पेद्रा ब्रांका या खडकाजवळ दोन जहाजे मिळाली आणि 2021 मध्ये त्यांची माहिती जाहीर झाली. एक चौदाव्या शतकातले, तर दुसरे 1796 मध्ये बुडालेले ‘शाह मुंचर’. हे दुसरे जहाज मुंबईत बांधलेले! चीनमधून माल भरून ते हिंदुस्थानकडे परतत होते. तळाशी चिनी भांडी, नऊ तोफा आणि चार नांगर मिळाले. मुंबईच्या गोदीतल्या सागवानी जहाजांची त्या काळी मोठी ख्याती होती. याच गोदीत वाडिया घराण्याने 1817 मध्ये बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. ज्या खडकाजवळ ‘शाह मुंचर’ बुडाले, त्याच खडकावर 1851 मध्ये हॉर्सबर्ग दीपगृह उभे राहिले. जहाजाची आणि दीपगृहाची ही गोष्ट एकत्र सांगितली, तर बंदराची सुरक्षितता किती जहाजे गमावून आली हे शाळकरी मुलालाही कळेल.

माल सापडतो, माणसे हरवतात. सिंगापूर नदीत दीड शतकाहून अधिक काळ पडावांची गर्दी असे. बाहेर नांगरलेल्या जहाजांतला माल पडावांत यायचा आणि हमाल तो पाठीवर घेऊन अरुंद फळीवरून गोदामात न्यायचे. 1977 मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदी दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे लक्ष्य दिले. 1983 मध्ये पडाव पासिर पांजांगला हलवले गेले आणि 1987 पर्यंत नदी खरोखर स्वच्छ झाली. हे काम मोठेच होते. पण आज नदीवरच्या ‘बोट की’ या जुन्या धक्क्यावर उपाहारगृहे आहेत आणि हमाल उरले आहेत ते कांस्यपुतळ्यांत.

त्यांच्याही आधीपासून इथे ‘ओरांग लाऊट’ होते. मलय भाषेत त्याचा अर्थ समुद्राची माणसे. इंग्रज अधिकारी रॅफल्स 1819 मध्ये इथे उतरला तेव्हा ती होडीतच जन्मत, होडीतच संसार करत. नव्या बंदराला नदीमुख मोकळे हवे होते, म्हणून त्यांच्यातल्या काहींना शेजारच्या जोहोरकडे पाठवण्यात आले. पुलाव ब्रानी बेटावरच्या वस्तीलाही पुढे किनारा सोडून उंच इमारतींत जावे लागले. त्या बेटावर आज कंटेनरांच्या थप्प्या आहेत. समुद्री ओळख सांगणाऱ्या देशाच्या प्रदर्शनात या लोकांना प्रस्तावनेतला एक फलक देऊन भागत नाही. त्यांची वंशज कुटुंबे आजही सिंगापुरात आहेत. मांडणी ठरवताना ती टेबलाशी हवीत.

यावर एक आक्षेप येतो: छोट्या, नव्या देशाला एकत्र बांधणारी अभिमानाची गोष्ट लागते, जखमा कशाला उघड्या करायच्या? या आक्षेपाला सिंगापूरनेच उत्तर दिले आहे. 2019 मध्ये रॅफल्सच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली, तेव्हा देशाने सातशे वर्षांचा इतिहास पुढे आणला. नदीकाठच्या रॅफल्सच्या पुतळ्याच्या सोबतीला दंतकथेतला राजा संग नीला उत्तमा, लेखक मुन्शी अब्दुल्ला, चिनी व्यापारी तान तॉक सेंग आणि तमिळ व्यापारी नारायण पिल्लई यांचे पुतळे काही काळ उभे केले. देश त्याने दुबळा झाला नाही. अधिक जणांना तो आपला वाटू शकला.

आता घाई करायला हवी, कारण बंदर पुन्हा जागा बदलत आहे. 2024 मध्ये 4 कोटी 11 लाख कंटेनर हाताळणाऱ्या सिंगापूरने पश्चिमेच्या टोकाला तुआस येथे नवे बंदर उभारायला घेतले आहे. 2022 मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. 2040 च्या दशकात ते पूर्ण होईल, तेव्हा त्याची क्षमता वर्षाला साडेसहा कोटी कंटेनरांची असेल. यंत्रे बरीचशी माणसांविना चालतील. शहरालगतची टर्मिनल 2027 पर्यंत हलवण्याचे ठरले आहे. त्यानंतर उंच इमारतींच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या क्रेनच्या रांगा दिसेनाशा होतील आणि बंदर म्हणजे काय, हे नव्या पिढीला संग्रहालयातच कळेल.

तांजोंग पगारच्या धक्क्याला 23 जून 1972 रोजी ‘निहॉन’ हे पहिले कंटेनर जहाज लागले. त्या दिवशी विशीत असलेले कामगार आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा मौखिक इतिहास विभाग 1979 पासून सामान्य नागरिकांचेही आवाज जपत आला आहे. त्याने या कामगारांना आत्ताच गाठावे. पाठीवरचे पोते जाऊन क्रेनचा दांडा हाती आला तेव्हा काय मिळाले आणि काय सुटले, हे त्यांच्याच तोंडून नोंदवावे. आणि ते आवाज दालनात त्या फुटलेल्या दगडाच्या शेजारी ऐकू यावेत. त्या शिळेवरचा मजकूर कायमचा गेला. यांचे सांगणे अजून हाती लागण्यासारखे आहे.