अकरा-अकरा, आणि मग नाणं

दक्षिण आशियातल्या मुलींच्या फुटबॉलवर हा अंक काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी आठवला तो ८ फेब्रुवारी २०२४ चा ढाक्यातला सामना. १९ वर्षांखालील ‘साफ’ स्पर्धेची अंतिम फेरी, भारत विरुद्ध बांगलादेश. भारताचा गोल आठव्या मिनिटालाच झाला होता. सागरिकाने बरोबरी साधली ती थेट भरपाईच्या वेळेत. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराही जणींनी, अगदी गोलरक्षकांनीसुद्धा, चेंडू जाळ्यात धाडला. ११-११!

अशा वेळी फटक्यांची दुसरी फेरी सुरू करायची, एवढा साधा नियम. सामनाधिकाऱ्यांनी मात्र नाणं उडवलं. कौल भारताला, आणि बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात. निर्णय फिरवला, तर भारताचा संघ परतेना. शेवटी विजेतेपद दोघांत वाटून मोकळे झाले.

१९६८ च्या युरो स्पर्धेत इटलीने उपांत्य सामना नाणेफेकीवरच जिंकला होता. तो प्रकार मोडीत निघावा म्हणून तर १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला. बावीस पोरींनी बावीस फटके बिनचूक मारले. नियमपुस्तिका वाचायचं काम तेवढं मोठ्यांकडे होतं.