यंत्रे वाद घालतील, सही कोण करणार?

सध्या दिल्लीतील मंत्रालयांमध्ये जी सादरीकरणे होतात त्यांत एक कल्पना वारंवार डोके वर काढू लागली आहे. प्रकल्प अडला की संबंधित खात्यांच्या बैठका महिनोन्‌महिने चालतात, इतिवृत्ते लिहिली जातात, ती दुरुस्त होतात आणि विषय पुढील बैठकीवर ढकलला जातो. त्याऐवजी प्रत्येक खात्याचा एक यांत्रिक प्रतिनिधी, ज्याला आता सरसकट ‘एआय एजंट’ म्हटले जाते, तयार करावा. एकाने वनखात्याची बाजू मांडावी, दुसऱ्याने रस्त्यांची, तिसऱ्याने वित्त विभागाची. ठरलेल्या फेऱ्यांत त्यांनी परस्परांचे म्हणणे खोडून काढावे. चौथ्याने न्यायाधीश व्हावे. आणि सायंकाळी फाइल घातली तर सकाळी अधिकाऱ्याच्या टेबलावर तोडगा तयार असावा, अशी ही कल्पना आहे. ऐकायला ती मोहक आहे. माझ्या मते मात्र ते चुकीच्या रोगावरचे औषध आहे, आणि काही बाबतींत ते रोग वाढवील.

कल्पना हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करायला हवे. २०१८ साली ओपनएआय या संस्थेतील जेफ्री अर्विंग व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, ज्या प्रश्नाचे उत्तर माणसाला स्वतः तपासता येत नाही, त्यावर दोन यंत्रांना परस्परविरोधी बाजू देऊन वाद घालू द्यावा. एकाची लबाडी दुसरा उघडी पाडील आणि माणसाला निवाडा करणे सोपे जाईल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तसे काहीसे दिसलेही. त्यात एका मोठ्या उताऱ्यावर प्रश्न विचारलेले होते. उतारा वाद घालणाऱ्या यंत्रांजवळ होता, निवाडा करणाऱ्या माणसांपासून तो लपवलेला होता. वाद न ऐकता ही माणसे ६० टक्के वेळा बरोबर उत्तर निवडत; वाद ऐकल्यावर ते प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. आकडा लहान नाही. परंतु प्रयोगाची मांडणी नीट पाहावी. उतारा होता, तो पूर्ण होता, उत्तर त्यातच दडलेले होते, आणि वाद घालणाऱ्याने दिलेले अवतरण खरोखर त्या उताऱ्यात आहे की नाही हेही तपासले जात होते.

आपल्या अडलेल्या प्रकल्पांत नेमका हा उताराच हाती नसतो.

एक उदाहरण देतो. स्थळ आणि खात्यांची नावे मुद्दाम वगळली आहेत. एका मोठ्या रस्त्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा तुकडा काही वर्षे रखडला होता. दोन्ही बाजूंचे डांबरीकरण पूर्ण झालेले आणि मधला तुकडा टाळून मालमोटारी गावातल्या अरुंद रस्त्याने जात असत. फाइलीत कारण स्पष्ट लिहिलेले होते: कालव्यावरील पुलाची उंची. पाटबंधारे खात्याचे म्हणणे, गाळ काढणारे यंत्र खालून जाईल इतकी उंची हवी. रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेचे म्हणणे, वाढीव उंचीचा खर्च तुम्ही द्या. दोन तांत्रिक अहवाल, एक संयुक्त पाहणी, आणि खर्चाच्या वाटणीवर न संपणारा पत्रव्यवहार. विषय माझ्याकडे आला तेव्हा मी जिल्हाधिकाऱ्यांना विनंती केली की, कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर जाऊन यावे. तहसीलदार गेले. कालव्यालगतची जमीन दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्या एका खातेदाराच्या नावावर होती. वारसांची नोंद झालेली नव्हती, म्हणून मोबदला शासकीय खात्यात पडून होता, आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत ते अकरा वारस कंत्राटदाराला शेतात पाऊल टाकू देत नव्हते. यात त्यांचे काय चुकले?

या वारसांचा उल्लेख त्या जाडजूड फाइलीत एकदाही नव्हता. कारण उघड आहे. पुलाच्या उंचीचा वाद चालू असेपर्यंत कंत्राटदाराला मुदतवाढ मिळत होती, रस्त्याच्या यंत्रणेला दोष पाटबंधाऱ्यांवर ढकलता येत होता, आणि पाटबंधारे खात्याला तर काहीच करावे लागत नव्हते. वाद तिघांनाही सोयीचा होता. अर्थशास्त्रात ज्याला समतोल म्हणतात तो हाच. फक्त तो तोट्याचा समतोल होता आणि तोटा त्या तिघांपैकी कोणाचाच नव्हता. तहसीलदारांनी गावात दोन दिवस शिबिर लावले, वारसनोंदी केल्या, मोबदल्याचे वाटप मार्गी लागले. त्यानंतर पुलाची उंची एका दुपारी ठरली.

आता ही फाइल यांत्रिक प्रतिनिधींच्या हवाली केली असती तर काय झाले असते? त्यांनी पुलाच्या उंचीवर उत्कृष्ट वाद घातला असता. गाळ काढण्याच्या यंत्राची मापे शोधली असती, खर्चाच्या वाटणीचे चार पर्याय सुचवले असते, आणि न्यायाधीश-यंत्राने त्यांतला सर्वांत समंजस पर्याय निवडला असता. तो पर्याय कोणी मान्यही केला असता. रस्ता मात्र झाला नसता. स्थळकाळाशी बांधलेले ज्ञान एका जागी गोळा करता येत नाही, हे हायेक यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले ते किमतींच्या संदर्भात. आपल्या तलाठ्यांना आणि पटवाऱ्यांना ते न वाचताच ठाऊक असते.

दुसरा मुद्दा धैर्याचा आहे. आपल्याकडे निर्णय अडतो तो पुष्कळदा युक्तिवाद अपुरा पडला म्हणून नव्हे. कोणता निर्णय योग्य आहे हे बैठकीतल्या बहुतेकांना माहीत असते. विलंबाची किंमत हजारो लोकांत विभागली जाते आणि कोणाच्याच नावावर पडत नाही. निर्णय चुकला तर त्याची किंमत एकाच अधिकाऱ्याला, कधी निवृत्तीनंतरही, मोजावी लागते. २०१८ पर्यंत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये, लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ मिळवून देणे हाही गुन्हा होता; अधिकाऱ्याने स्वतः काही घेतले हे सिद्ध करण्याची त्यासाठी गरज नव्हती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ती तरतूद गेली. भीती गेली नाही. म्हणूनच फाइलीवर ‘कृपया चर्चा करावी’ हा शेरा आजही इतका लोकप्रिय आहे. त्यात होकार नाही, नकार नाही आणि कारणही नाही.

अशा वातावरणात रात्रभर चाललेल्या यांत्रिक वादाची छापील प्रत फाइलीला जोडली गेली की ती काय काम करील, हे सांगायला ज्योतिषी नको. ती ढाल होईल. यंत्राने ‘होय’ म्हटले तर अधिकारी त्याच्या आड उभा राहील. ‘नाही’ म्हटले तर ते डावलून सही करण्याची हिंमत कोण करणार? उद्या लेखापरीक्षक विचारतील, यंत्राचा निष्कर्ष विरुद्ध असताना आपण मान्यता का दिली? म्हणजे अडथळा काढायला आणलेले साधन स्वतःच फाइलीच्या वाटेतले आणखी एक टेबल बनून बसेल.

चर्चेचे प्रकार आपल्या न्यायदर्शनाने फार पूर्वी वेगळे केले आहेत. सत्य समजून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडणे ही वितंडा. ज्याला भूमिका नेमून दिली आहे आणि ती सोडण्याचा अधिकार नाही, तो जल्पच करणार. भूमिका सैल ठेवावी तर ही यंत्रे, विशेषतः सगळी एकाच मूळ प्रारूपावर उभी असतील तेव्हा, फार लवकर परस्परांशी सहमत होतात. खात्यांचे हाडामांसाचे प्रतिनिधीही जल्प करायलाच बैठकीला येतात, हे मला पुरेसे ठाऊक आहे. पण चहाच्या वेळी त्यांतला एखादा जवळ येऊन म्हणतो, “साहेब, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी सचिवांशी बोलतो.” तो माघार घेतो तेव्हा त्याचे खाते माघार घेते. यंत्राच्या माघारीने कोण बांधला जातो?

आणि ज्यांचे घर, शेत किंवा जंगल जाणार आहे त्यांचे काय? १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात एक साधे तत्त्व सांगितले. आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचा तो विषय होता. हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल तर सुनावणी हा पोकळ उपचार ठरतो, असे न्यायालयाचे म्हणणे. यांत्रिक वादात तर हरकतदाराचे म्हणणे मांडणाराही तो स्वतः नसतो. त्याच्या वतीने एक नमुना बोलतो. ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण आठवा. १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, आणि सभांवर देखरेखीसाठी जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी हजर राहील असेही सांगितले. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतील बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. त्या नकाराचे वजन युक्तिवादाच्या धारेत नव्हते. तो डोंगर ज्यांचा देव आहे त्यांनी स्वतः उभे राहून तो दिला होता. ‘डोंगरिया कोंध प्रतिनिधी’ असे नाव दिलेल्या यंत्राने तेच शब्द, कदाचित अधिक प्रभावीपणे, उच्चारले असते, तरी त्याला कायद्यात काय स्थान असते?

याचा अर्थ सगळेच वाद यंत्रांपासून दूर ठेवावेत असा नाही. काही मतभेद खरोखर युक्तिवादाचे असतात. काश्मीर रेल्वेच्या कटरा ते बनिहाल टप्प्याच्या मार्गरेषेवर अभियंत्यांमध्ये गंभीर मतभेद होते. २००८ मध्ये चिनाब पुलाचे काम थांबवून फेरविचार झाला, मग ते पुन्हा सुरू झाले आणि नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा तो पूल ६ जून २०२५ रोजी खुला झाला. चढ किती, बोगदे किती, खडक कसा, असे प्रश्न दोन यंत्रांना परस्परविरुद्ध बाजूंनी तपासायला दिले तर एखादे निसटलेले गृहीतक हाती लागू शकेल. अशा ठिकाणी मी त्यांचे स्वागत करीन. मात्र खडक कसा आहे हे शेवटी छिद्र पाडूनच कळते.

२५ मार्च २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘प्रगती’ आढाव्यातूनही हेच शिकण्यासारखे आहे. पंतप्रधान दूरदृश्य यंत्रणेवर केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव यांना समोरासमोर बसवतात. तिथे वाद फारसा होत नाही. माझा अनुभव असा की, बरेच अडथळे बैठकीच्या आधीच्या आठवड्यातच सुटतात, कारण विशिष्ट दिवशी विशिष्ट माणसाला नाव घेऊन विचारले जाणार असते. दर अडलेल्या कामासाठी पंतप्रधानांना बसवता येणार नाही, हे खरे. पण तसा एक दिवस आणि तसा एक माणूस खालच्या पातळीवरही नेमता येतो.

म्हणून असा प्रस्ताव माझ्यापुढे आला तर मी तो नाकारणार नाही, उलटा करून मागेन. यंत्राने बैठकीपूर्वी फाइल वाचावी आणि त्यात काय नाही ते सांगावे: कोणत्या गटाचा मोबदला दिल्याची पावती नाही, कोणत्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव नाही, कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होता, आणि सगळे ज्यावर भांडत आहेत त्याव्यतिरिक्त कोणते नाव फाइलीत यायला हवे होते. नंतर माणसाने जागेवर जावे. ज्या अधिकाऱ्याकडे अधिकार आहे त्याने स्वतः ऐकावे आणि मान्य-अमान्यची कारणे स्वतःच्या शब्दांत लिहावीत. माहिती अधिकार कायद्याचे २००५ पासून असलेले कलम ४(१)(घ) प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे सांगते. त्या अकरा वारसांपैकी एकाने उद्या कारणे मागितली, तर त्याला कोणाची कारणे द्यायची, हे मी आजवर पाहिलेल्या एकाही सादरीकरणात लिहिलेले नव्हते.