पीकपेरा कोण ठरवतो?

पाणलोटाच्या कामाचा हंगाम उन्हाळ्यातला. चर, बांध, श्रमदान, पुढाऱ्यांच्या भेटी सगळे एप्रिल-मेमध्ये उरकते. लोकसहभागाची खरी परीक्षा मात्र पावसाळा सरल्यावर लागते. ओढ्याला धार असते, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीला काय पेरायचे हे जो तो आपल्या मोटारीच्या जोरावर ठरवत असतो. त्या निर्णयात पाणलोट समिती कुठे असते? बहुतेक ठिकाणी ती प्रकल्पाबरोबरच संपलेली असते.

आपल्या अहवालांत सहभाग म्हणजे श्रमदानाचे तास, लोकवर्गणीची टक्केवारी आणि ठरावाखालच्या सह्या. माथ्यावर चराईबंदी झाली की पहिली झळ शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना बसते. चरांत मुरलेले पाणी वर येते ते पायथ्याच्या विहिरीत, आणि त्यावर ऊस उभा राहतो तो विहीरमालकाचा. ज्याला हे उमगते तो पुढच्या वर्षी फावडे घेऊन येत नाही. आपण मात्र लिहून मोकळे होतो: लोकांचा उत्साह ओसरला.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला, तो नेमका इथे हात घालणारा होता. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचे: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस वर्ज्य. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी उचलायचा. यातल्या वर्गणीच्या अटीशी मिळतेजुळते कलम पुढे योजनांत आले; भूमिहीनांच्या वाट्याला कोणी हात लावला नाही. हा योगायोग वाटत नाही.

हिवरे बाजारची वाट वेगळी. पोपटराव पवारांच्या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली हे सगळ्यांना पाठ आहे. अभ्याससहलींत तेच दाखवले जाते. त्याहून अवघड काम म्हणजे दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यावर ग्रामसभेत पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम त्याच्या जोडीला. कमी पावसाच्या वर्षी शेजाऱ्याला 'यंदा उन्हाळी पीक नको' असे तोंडावर सांगण्याची ताकद ग्रामसभेत असणे, याला कुठल्या मापपुस्तिकेत रकाना आहे?

तांत्रिक माणसांची एक अडचण आम्हाला मान्य आहे. पाणलोटाची सीमा नकाशावर काढता येते, पण खालचा खडक ती मानतो असे नाही. एका गावाने राखलेले पाणी शेजारच्या शिवारातली बोअर ओढू शकते. त्यातच भूजल उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यांत साठवायची रीत पसरली आहे. तिला जलसंधारण म्हणणे हा शब्दांचा अपव्यय आहे. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम कागदावर बरेच काही देतो, पण गावाने आधी स्वतः मोजले नसेल तर कायद्याला धरायला काहीच नसते.

म्हणून नव्या गावात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते: चराची आखणी करण्याआधी पर्जन्यमापक बसवा, निरीक्षण विहिरी गावकऱ्यांकडूनच निवडून घ्या, आणि वाढलेल्या पाण्यात मेंढपाळाचा व भूमिहीनाचा वाटा काय, हे काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत लिहून घ्या. नंतर ते कोणी लिहून देत नाही.

पुढील अंकासाठी यंदाचे ताळेबंद मागवत आहोत. श्रमदानाची छायाचित्रे नकोत. पातळीच्या नोंदी आणि ग्रामसभेने बदललेला पीकपेरा पाठवा. ठराव मोडला गेला असेल, तर कोणाच्या दबावाखाली तेही.