'ते लोक' हा शब्द आधी सोडू या



गेल्या वर्षी आमच्या वस्तीत अभ्यासिका सुरू करण्यासाठी बैठक झाली. पलीकडच्या मातंग वस्तीतल्या मुलांचं काय, असं कोणीतरी विचारलं. "ते लोक येत नाहीत हो, त्यांना अभ्यासाचं काही पडलेलं नसतं," एका कार्यकर्त्याने उत्तर दिलं. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. वहीत 'प्रतिसाद नाही' असं लिहून मोकळी झाले. दोन महिन्यांनी त्याच वस्तीतली बारावीची एक मुलगी भेटली. म्हणाली, "ताई, अभ्यासिका आमच्यासाठीपण आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

ज्यांचा प्रतिसाद नाही असं मी लिहिलं, त्यांना मी विचारलंच नव्हतं.

समाजशास्त्रात एमए करताना श्रेणीबद्ध विषमतेवर मी पानंच्या पानं लिहिली. बाबासाहेबांनी दाखवलेलं तिचं मर्म असं, की या उतरंडीत प्रत्येकाला वरच्याचा राग असतो आणि आपल्याखाली कोणीतरी आहे याचं समाधानही असतं. म्हणून सगळे मिळून उतरंड पाडत नाहीत. परीक्षेत मार्क मिळाले. तेच समाधान माझ्या वहीत उतरलं, तेव्हा मात्र मला ते ओळखता आलं नाही. सवर्ण शिक्षक आपल्या मुलांबद्दल हेच वाक्य बोलतो तेव्हा आपण त्याला जातीयवादी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग आपण बोललो की तो 'अनुभव' कसा होतो?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांचा क्रम पुन्हा एकदा पाहा. पहिल्या आठ प्रतिज्ञा नाकारण्याच्या आहेत: देव-देवता, अवतार, श्राद्ध, ब्राह्मणाच्या हातचे विधी. सर्व माणसं समान आहेत ही प्रतिज्ञा त्यानंतर, नवव्या क्रमांकावर येते. जुनं मनातून काढल्याशिवाय नवं रुजत नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. आपण भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. मनातली उतरंड मात्र तशीच राहिली. मुलामुलींच्या बायोडेटात 'बौद्ध' लिहून खाली पोटजात कशाला विचारतो आपण?

काहीजण म्हणतील, बाहेर मनुवाद एवढा माजलेला असताना आपल्याच माणसांच्या चुका कशाला काढायच्या? शिवाय १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मुभा दिली, तेव्हापासून आधीच कटुता आहे. त्या निकालावर जरूर वाद घालू. पण वाद धोरणाशी असतो. त्या निमित्ताने एका समाजाला आळशी, विकला गेलेला म्हणणं ही मनुवाद्यांचीच भाषा आहे. आपण ती वापरली की त्यांचं काम आपणच फुकटात करतो. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या फोटोला हार घालतो आणि २ ऑगस्टला त्यांच्या वस्तीकडे पाठ फिरवतो.

मग मी काय केलं? त्या मुलीला सोबत घेऊन तीन संध्याकाळी घरोघर फिरले. एका आजीने दारातच विचारलं, "आता कशी आठवण झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक कबूल केली आणि खाली बसले. तेव्हा कळलं, लग्नसराईत तिथली बरीच मुलं बँडपथकात वाजवायला जातात. संध्याकाळची अभ्यासिका त्यांना जमणारच नव्हती. आम्ही ती सकाळीही उघडू लागलो. आज तिथली ९ मुलं येतात. आकडा लहान आहे, पण 'प्रतिसाद नाही' हा शेरा खोटा ठरला.

दहा वर्षांच्या कामात इतकं साधं मला कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवलं नाही. पूर्वग्रह माणूस म्हणून आपल्याला लहान करतो, तसाच कामातही आंधळं करतो. जे आधीच 'माहीत' असतं, ते आपण विचारत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत 'ते लोक' हा शब्द आला, की बोलणाऱ्याला तिथेच थांबवा. एवढंच विचारा: त्यांना विचारलं का? आणि तो शब्द आपल्याच तोंडून निघाला, तर स्वतःलाही सोडू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!